ॲक्सोलॉटल: नर कोणता, मादी कोणती?

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला लागून दोन काचेच्या टाक्या आहेत. मधल्या सुट्टीत त्यांच्यासमोर गर्दी होते आणि प्रश्न ठरलेले असतात. "सर, हा मासा आहे का?" "सर, हा खरंच हसतो का?" आणि तिसरा, "सर, यांतला नर कोणता?" पहिल्या दोन प्रश्नांना मी उभ्या उभ्या उत्तर देतो. तिसऱ्याचे उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नाही, म्हणून या वर्षी मराठी पानावर त्याच्यासाठी जागा मागून घेतली आहे.

ॲक्सोलॉटल मासा नाही. तो सॅलॅमँडर आहे, म्हणजे बेडकांच्याच उभयचर वर्गातला, पण शेपटी असलेल्या गटातला. बेडकाचे पिल्लू आधी बेडूकमासा असते. पुढे त्याचे कल्ले जातात, पाय येतात, फुप्फुसे कामाला लागतात आणि ते पाण्याबाहेर येते. बहुतेक सॅलॅमँडरही थोड्याफार फरकाने असेच बदलतात. ॲक्सोलॉटल मात्र बदलत नाही. रूपांतरण घडवून आणणारे थायरॉइडचे संप्रेरक त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंचे पिसांसारखे कल्ले आणि शेपटीवरचा पडदा तसाच ठेवून तो त्या बालरूपातच वयात येतो आणि पिल्लांना जन्मही देतो. हसण्याचे म्हणाल तर ती तोंडाची ठेवण आहे. आजारी असतानाही तो तसाच दिसतो, त्यामुळे त्या हसण्यावर विसंबू नये.

त्याचे घर मेक्सिकोत आहे. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्को नावाचा कालव्यांचा प्रदेश आहे; जुन्या मोठ्या सरोवरांतले तेवढेच आता उरले आहे. जगात निसर्गतः ॲक्सोलॉटल सापडतो तो फक्त तिथे. नकाशावाचनात रस असलेल्या मुलांनी अक्षांश पाहावेत: सोचिमिल्को साधारण १९ अंश उत्तरेला आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या मुंबईच्याच रेषेवर. पण ते समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचावर आहे, म्हणजे शिमल्याच्या उंचीवर. अक्षांश मुंबईचे, पाणी शिमल्याचे. या प्राण्याला पाळताना येणाऱ्या निम्म्या अडचणी या एका वाक्यात आहेत. त्याला १६ ते १८ अंश सेल्सियसचे पाणी मानवते. २४ अंशांच्या वर पाणी राहू लागले की तो खाणे सोडतो, कल्ले पुढे वळवतो, अंगावर बुरशी धरते, आणि पुढे फार दिवस काढत नाही.

आमच्याकडचे दोघे आले ते असे. एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांची बदली वाळवंटी भागात झाली. तिथे हे प्राणी जगणार नाहीत हे ओळखून त्यांनी ते रीतसर कागदांसह शाळेकडे सोपवले. गेल्या वर्षी जुलैत ते आले तेव्हा पाच महिन्यांचे होते, लांबी प्रत्येकी ११ सेंटीमीटर. एकाच मादीच्या अंड्यांतले, म्हणजे सख्खी भावंडे. एक करडा-हिरवट, रानातल्या रंगाचा. दुसरा फिकट गुलाबी, काळ्या डोळ्यांचा. नववीच्या मुलांनी आल्या दिवशीच बारसे केले: करडा तो सुभेदार, गुलाबी तो हवालदार. नर-मादीचा विचार कोणी केला नाही. दोघेही फौजेतले, एवढे पुरेसे होते.

मी मात्र दोन टाक्या मांडल्या. मुलांना ते कठोर वाटले. "एकटा राहून कंटाळेल ना सर?" ॲक्सोलॉटलला सोबतीची गरज नसते. लहान वयात तर सोबत धोक्याची, कारण समोर जे हलते त्याला तोंड घालायचे, हा त्याचा स्वभाव आहे. हलणारी वस्तू भावाचा पाय असली तरी त्याला फरक पडत नाही. तुटलेला पाय काही आठवड्यांत, हाड-स्नायू-बोटांसकट, पुन्हा उगवतो हे खरे. पण उगवतो म्हणून तुटू द्यायचा असे नाही. वेगळे ठेवण्याचे दुसरे कारण याहून मोठे आहे. नर कोणता, मादी कोणती, हे कळेपर्यंत दोघांना एका पाण्यात ठेवणे म्हणजे एका सकाळी शेकडो अंडी पदरात घेण्याची तयारी ठेवणे होय. आमची ती तयारी नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नर-मादी ओळखायचे ते कशावरून?

आधी कशावरून ओळखता येत नाही, ते सांगतो, कारण त्याबद्दलच जास्त बोलले जाते. रंगावरून येत नाही. गुलाबी म्हणजे मादी हा निव्वळ आपल्या डोक्यातला खेळ आहे. कल्ल्यांच्या झुपक्यावरून येत नाही. कल्ले किती दाट होतात हे पाण्यातला प्राणवायू, पाण्याचा ओघ आणि प्राण्याची तब्येत यांवर ठरते. चपळ कोण आणि सुस्त कोण, यावरूनही नाही. नराचे डोके थोडे निमुळते आणि मादीचे रुंद, असे पुष्कळजण म्हणतात. शेजारी शेजारी दहा प्राणी ठेवले तर सरासरीत असे काही दिसेलही, पण एकच प्राणी समोर असताना त्याचा उपयोग नाही. आणि लहान पिल्लावरून तर काहीच कळत नाही. सात-आठ सेंटीमीटरच्या पिल्लांची "जोडी" म्हणून दुकानात विक्री होते, तेव्हा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते की त्या पिशवीत दोन नर आहेत, दोन माद्या आहेत की खरोखर जोडी आहे.

भरवशाची खूण एकच. मागच्या दोन पायांच्या लगेच मागे, शेपटी जिथे सुरू होते तिथे, पोटाच्या बाजूला एक उभी फट असते. तिला अवस्कर म्हणतात. उभयचरांत मलमार्ग, मूत्रमार्ग आणि जननमार्ग यांचे दार एकच असते, ते हे. नर वयात आला की या फटीच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी फुगतात आणि तिथे ठळक उंचवटा येतो. हरभऱ्याच्या डाळीचे दोन दाणे शेजारी शेजारी चिकटवल्यासारखा. बाजूने पाहिले तर शेपटीच्या मुळाशी तो खाली लोंबल्यासारखा दिसतो, आणि मोठ्या नरात तर वरूनही दोन्हीकडे डोकावतो. मादीत ही जागा सपाट असते, किंवा अगदी किंचित उंच. त्याऐवजी तिचे पोट दोन्ही बाजूंना रुंदावते, कारण आत अंडी असतात. वरून पाहिल्यावर नर सडसडीत आणि मादी घागरीसारखी, असे ढोबळ चित्र मनात ठेवायला हरकत नाही. मात्र बद्धकोष्ठ झालेला किंवा भरपेट जेवलेला नरही घागरीसारखाच दिसतो. म्हणून पोट हा दुय्यम पुरावा.

इथे पुराव्याविषयी एक गोष्ट नीट समजून घ्या. उंचवटा दिसला तर नर, हे विधान पक्के आहे. उंचवटा दिसला नाही तर मादी, हे विधान पक्के नाही. तो अजून वयात न आलेला नरही असू शकतो. ॲक्सोलॉटल वयात यायला एखाद्याला सहा-आठ महिने पुरतात, तर एखाद्याला दीड वर्षही लागते. थंड पाण्यात आणि कमी खाण्यावर वाढ आणखी रेंगाळते. म्हणून लांबी साधारण १८ सेंटीमीटरच्या पुढे गेलेली आणि वय दीड वर्षाचे झालेले असेल, तरच "उंचवटा नाही" या निरीक्षणाला वजन येते. फील्डक्राफ्टच्या तासाला तुम्हाला शिकवतात ना, की टेकडीमागे हालचाल दिसली नाही याचा अर्थ टेकडीमागे कोणी नाही असा होत नाही? अगदी तेच.

वयात आल्याची आणखी एक खूण बोटांच्या टोकांवर दिसते. फिकट रंगाच्या प्राण्यांची बोटांची टोके तपकिरी-काळी पडतात. गडद रंगाच्यांची उलट अंगापेक्षा फिकट दिसू लागतात. यावरून नर-मादी कळत नाही, पण आता निकाल द्यायला हरकत नाही एवढे कळते.

पाहायचे कसे, यातही शिस्त आहे. प्राण्याला हाताने उचलायचे नाही. त्याची त्वचा नाजूक असते, तिच्यावर संरक्षक चिकट थर असतो, आणि सांगाड्याचा बराच भाग कूर्चेचा असतो. आम्ही एक पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा त्याच टाकीच्या पाण्याखाली धरतो आणि प्राण्याला हळूच आत वळवतो. मग डबा डोळ्यांच्या रेषेत धरून खालून आणि बाजूने पाहायचे, सोबत पट्टी ठेवून छायाचित्र घ्यायचे, आणि दोन-तीन मिनिटांत त्याला परत सोडायचे. महिन्यातून एकदा, त्याच तारखेला. दोन निरीक्षक आपापले टिपण एकमेकांना न दाखवता लिहितात. वहीत दोन रकाने आहेत: "काय दिसले" आणि "काय वाटले". पहिल्या रकान्यात "उंचवटा ४ मिलिमीटर" असे येईल. "बहुतेक नर" हे दुसऱ्यात. पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांची दुसऱ्या रकान्यात लिहिण्याची भारी हौस होती. पुढे पुढे पहिला रकाना भरू लागला.

वही सांगते ती हकिकत अशी. हिवाळ्याच्या सुट्टीत वाढ मंदावली; पाणी दहा अंशांच्या खाली गेले आणि प्रयोगशाळा सहायक आठवड्यातून दोनदाच खायला घालत होते. मार्चमध्ये, तेराव्या महिन्यात, सुभेदार १९ सेंटीमीटरचा झाला आणि दोन्ही निरीक्षकांनी एकाच दिवशी स्वतंत्रपणे उंचवट्याची नोंद केली. हवालदार तेव्हा २१ सेंटीमीटरचा होता, भावापेक्षा मोठा, आणि उंचवट्याचे नाव नव्हते. अकरावीचे तीन कॅडेट तेव्हाच पैज लावायला निघाले की ही मादी. वहीत मात्र "निकाल राखून" असे लिहिले गेले.

एप्रिलमध्ये सुभेदाराच्या बाबतीत शंकेला जागाच उरली नाही. एका सकाळी त्याच्या टाकीच्या तळाशी सहा-सात छोटे पारदर्शक शंकू चिकटलेले दिसले. नखाएवढे, जेलीसारखे, प्रत्येकाच्या टोकावर पांढरा ठिपका. ज्याची पाळी होती त्याला ती उरलेल्या खाण्यावर आलेली बुरशी वाटली आणि तो धावत आला. ते शुक्रकोश होते. ॲक्सोलॉटलमध्ये नर आणि मादीचा थेट समागम होत नाही. नर मादीभोवती शेपूट हलवत फिरतो, तिला थुंतरीने ढोसतो, मग पुढे चालत जाऊन तळावर असे पाच ते पंचवीस शुक्रकोश ठेवतो. मादी त्याच्या मागोमाग येते आणि अवस्कराने शंकूचे टोक उचलून आत घेते. फलन तिच्या शरीरात होते. मादी जवळपास नसतानाही एखादा नर कधी कधी शुक्रकोश ठेवतो, तसे सुभेदाराने केले होते.

हवालदाराचे पोट जूनपासून दोन्ही अंगांनी रुंदावत गेले. खाणे दोन दिवस थांबवूनही ते कमी झाले नाही, म्हणजे ते जेवणाचे नव्हते. ऑगस्टमध्ये अठरा महिने पूर्ण झाले. लांबी २३ सेंटीमीटर, बोटांची टोके काळसर, अवस्कराची जागा सपाट. निकाल: मादी. नाव बदलायचे का यावर नववीत मतदान झाले आणि "हवालदार" हेच कायम राहिले. आता तुमच्या एनडीएतून मुलीही शिकून बाहेर पडतात, तेव्हा हवालदार मादी असायला हरकत घेणारे आपण कोण?

हे सगळे डोळ्यांनी पाहायचे, कारण सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे पाहून ते सहज कळत नाही. बारावीच्या मुलांसाठी हा भाग सविस्तर सांगतो. माणसात मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते: एक्स-एक्स म्हणजे स्त्री, एक्स-वाय म्हणजे पुरुष. ॲक्सोलॉटलमध्ये पक्ष्यांप्रमाणे उलटी रीत आहे. नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू. म्हणजे निकाल मातेच्या हाती. हे अमेरिकेत हम्फ्री या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात एका सुंदर प्रयोगातून दाखवले. त्याने जनुकीयदृष्ट्या मादी असलेल्या भ्रूणांत नराच्या जननग्रंथीचे कलम करून त्यांना नर म्हणून वाढवले, आणि मग अशा नराचे साध्या मादीशी मीलन घडवले. आता वहीत चौकट काढा. झेड-डब्ल्यू गुणिले झेड-डब्ल्यू: एक झेड-झेड, दोन झेड-डब्ल्यू, एक डब्ल्यू-डब्ल्यू. एका नरामागे तीन माद्या. हम्फ्रीला पिल्लांत माद्यांचे पारडे असेच जड मिळाले, आणि डब्ल्यू-डब्ल्यू माद्या नुसत्या जगल्या नाहीत तर त्यांना पिल्लेही झाली. याचा अर्थ झेड आणि डब्ल्यू यांच्यातला फरक फार थोडा असला पाहिजे. तो किती थोडा, हे २०१८ मध्ये कळले. त्या वर्षी ॲक्सोलॉटलचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, सुमारे ३२ अब्ज अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या दहापट. आणि त्याच वर्षी डब्ल्यूवरचा मादीपुरता असलेला भाग नवव्या गुणसूत्राच्या टोकाजवळचा एक बारीकसा तुकडा असल्याचे दाखवले गेले. आता पेशींचा लहानसा नमुना घेऊन चाचणीने पिल्लाचेही लिंग सांगता येते. मोठ्या संशोधनशाळांना ते उपयोगी आहे. आपल्याला दीड वर्ष थांबता येते.

नर-मादी कळल्यावर खरा वाद सुरू झाला. एका कॅडेटने वर्गात हात वर करून विचारले, "सर, हा प्राणी नष्ट होत चालला आहे. मग दोघांना एकत्र ठेवून अंडी घालू देणे हे आपले कर्तव्य नाही का?" प्रश्न चांगला होता. त्याला मी दोन तासांत उत्तर दिले, इथे थोडक्यात देतो.

नष्ट होत चालला आहे हे खरे. सोचिमिल्कोत १९९८ च्या गणनेत एका चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ मध्ये ३६. जागतिक लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. पण तिथे कमी पडतात ती अंडी नव्हेत. कमी पडते ते स्वच्छ पाणी. शहराचे सांडपाणी कालव्यांत येते, आणि लोकांना खायला मासे मिळावेत म्हणून सोडलेले कार्प आणि तिलापिया त्याची अंडी व पिल्ले फस्त करतात. तिथले शास्त्रज्ञ आणि शेतकरी मिळून चिनांपा, म्हणजे सरोवरात गाळ आणि वनस्पती रचून केलेल्या जुन्या शेतांच्या मधले कालवे, गाळण्या लावून माशांपासून राखतात. खरे काम ते आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथे वाढवलेले १८ प्राणी पाण्यात सोडून त्यांचा माग काढण्यात आला आणि ते शिकार करत तगले, ही आशेची गोष्ट आहे. पण ते त्याच कामासाठी तिथेच वाढवलेले होते.

आपल्या टाक्यांतले प्राणी वेगळ्या वंशाचे आहेत, आणि त्यांच्या वंशाची कथा सैन्याशी जोडलेली आहे. १८६० च्या दशकात फ्रेंच सैन्य मेक्सिकोत लढत होते. त्या मोहिमेच्या काळात ३४ जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिसला पोहोचले. त्यांतले सहा प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरिलला मिळाले: पाच नर आणि एक मादी. १८६५ च्या आरंभी त्या एकुलत्या एका मादीने अंडी घातली, आणि तिथून पुढे तिची संतती युरोपभरच्या प्रयोगशाळांत गेली. विचार करा, सहाही नर निघाले असते तर? शिवाय १९६२ मध्ये अमेरिकेत रंगहीनतेचे जनुक आणण्यासाठी वाघ सॅलॅमँडर या दुसऱ्या जातीशी संकर करण्यात आला, आणि ते रक्त पाळीव ॲक्सोलॉटलमध्ये मिसळले. इतक्या पिढ्या बंदिवासात काढलेले, मिश्र वंशाचे प्राणी मूळ सरोवरात सोडणे म्हणजे उरल्यासुरल्या रानटी प्राण्यांवर नवे संकट. मग आमच्या दोघांची पिल्ले जाणार कुठे?

आता हिशेब करू. मादी एका वेळी शंभरापासून हजारापर्यंत अंडी घालते. पाचशे धरा. दोन ते तीन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. पहिले काही आठवडे त्यांना जिवंत, हलणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे खाद्य रोज लागते, आणि ते कमी पडले की ती एकमेकांचे पाय खातात. वाढलेल्या एका प्राण्याला ७५ लिटर पाणी धरले तर पाचशेंना ३७,५०० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे जवळजवळ चार टँकर. गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या मुलांना हा आकडा लगेच कळला. त्यात हे दोघे भावंडे, म्हणजे दोषांची जनुके जुळून येण्याची भीती अधिक. आणि मादीचे काय? अंडी तयार करण्यात तिची शक्ती खर्च होते. एका वेळेनंतर तिला निदान दोन-तीन महिने विश्रांती हवी. नर त्याच टाकीत असेल तर तो तिला उसंत देत नाही. पुन्हा पुन्हा अंडी घालून ती खंगते आणि लवकर मरते. दहा-पंधरा वर्षे जगू शकणारा प्राणी असा दोन-तीन वर्षांत जातो. मुलगा शांतपणे खाली बसला. मग म्हणाला, "म्हणजे हवालदारासाठी वेगळी टाकी हेच संरक्षण." वर्गाने टेबले वाजवली.

कायद्याचीही बाजू आहे. ॲक्सोलॉटल आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन अशा परदेशी प्राण्यांची वेगळी अनुसूची आली, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र शासनाच्या "परिवेश" संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. प्राणी दुसऱ्याला दिला, मेला किंवा त्याला पिल्ले झाली, तर तेही कळवायचे असते. म्हणजे नर-मादी न ओळखल्यामुळे एका रात्रीत अंडी आली, तर टाक्यांबरोबर कागदही वाढतात. अंडी नकोच असतील तर ती पहिल्या एक-दोन दिवसांत, आत पिल्लाचा आकार येण्यापूर्वी गोळा करून गोठवावीत. नदीत, तलावात किंवा विहिरीत काहीही सोडू नये. परका प्राणी आणि त्याच्याबरोबरचे रोग इथल्या बेडकांना महागात पडतील.

सुट्टीत घरी जाऊन एखादा आणावा असे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी थोडे. तुमच्यातल्या काहींनी तो माइनक्राफ्टमध्ये पाहिला आहे हे मला ठाऊक आहे. तिथे त्याला पाण्याचे तापमान लागत नाही. विदर्भ-मराठवाड्यात घर असेल तर माझे सरळ मत आहे: आणू नका. एप्रिल-मेमध्ये पाणी थंड ठेवायला चिलर यंत्र लागते. पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरते, बर्फाच्या बाटल्यांनी तापमान वर-खाली होत राहते, आणि वीज गेली की सगळेच संपते. ज्यांच्याकडे थंडावा आहे त्यांनी एकच प्राणी आणावा. एकटा असेल तर नर की मादी या प्रश्नाची घाईच राहत नाही. प्राणी आणण्याच्या महिनाभर आधी टाकी चालू करून तिच्यात उपयोगी जिवाणू वाढू द्यावेत, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढलेले असावे. तळाला बारीक वाळू घालावी किंवा काहीच नको. खडे तो गिळतो आणि आतडे अडकते. त्याला पापण्या नसतात, म्हणून झगझगीत दिवा नको, लपायला जागा हवी. खाणे म्हणजे गांडुळे. मोठ्याला दोन-तीन दिवसांतून एकदा पुरते.

पुढच्या महिन्यापासून निरीक्षणाची पाळी आठवीकडे जाते. वही टाक्यांजवळच्या कपाटात वरच्या खणात आहे. रविवारी न्याहारीनंतर या. हात धुऊन या, पण साबणाचा अंशही हाताला राहू देऊ नका. त्या त्वचेला तो सोसत नाही. आणि पहिला रकाना आधी भरा.